उसना दिवस

१

सन दोन हजार चोवीस. ऑक्टोबरची चौदा तारीख, सोमवार. दसरा होऊन दोन दिवस झाले होते. पाऊस सरला होता आणि कळंबोलीच्या लोखंड बाजारात सकाळी आठलाच पत्रे तापायला लागले होते.

ज्ञानू शेवाळेने वजनकाट्याच्या केबिनचं कुलूप काढलं. वय अडुसष्ट, मूळचा पाटणकडचा. तीस वर्षं याच बाजारात टोळीत लोखंड उचललं. गुडघे गेल्यावर मालकाने काट्यावर बसवलं. शाळा चौथीपर्यंत. कॉम्प्युटरची त्याला पाच बटणं ठाऊक होती. सहाव्याला त्याने कधी बोट लावलं नाही आणि त्या पाचांत कधी चूक केली नाही. ज्ञानूनानाची पावती म्हटल्यावर बाजारात कोणी ती दुसऱ्या काट्यावर ताडून बघत नसे. एवढीच त्याची कमाई, आणि ती त्याला पुरेशी वाटायची.

नेम ठरलेला होता. उदबत्ती लावायची आणि पहिली गाडी यायच्या आत स्वतः काट्यावर जाऊन उभं राहायचं. जमिनीबरोबर बसवलेली लांबलचक लोखंडी प्लेट. तिचा एक कोपरा सैल होता. माणूस चढला की टक् वाजायचा. काटा दहादहा किलोने बोलतो. बाहेरच्या मोठ्या बोर्डावर लाल आकडा यायचा, ६०. तो रजिस्टरात आपल्या नावापुढे लिहायचा. संध्याकाळी सहाला परत उभं राहायचं, परत लिहायचं. हा नेम त्याने आणि काट्यावरच्या जोडीदार सदूने मिळून घातला होता. जो काटा माणसाचं वजन सकाळी एक आणि संध्याकाळी एक सांगतो, तो लोखंडाचं खरं काय सांगणार, असं सदू म्हणायचा.

त्या सोमवारी ज्ञानू प्लेटवर चढला. टक्.

मग श्वासभर थांबून आणखी एकदा, टक्.

बोर्डावर १३० होते.

तो उतरला. शून्य. त्याने खिसे चाचपले. चष्म्याचं घर, रुमाल, बसचे सुटे, लाल दोरा बांधलेला पेनड्राइव्ह. परत चढला. दोनदा टक्. १३०. मागे वळून बघितलं. प्लेट रिकामी होती. मॉनिटरला घातलेली दसऱ्याची झेंडूची माळ केबिनच्या काचेतून दिसत होती.

त्याने आत येऊन रजिस्टरात ६० लिहिलं. न दिसलेला आकडा लिहायची त्याची ही पहिलीच वेळ.

२

साडेनऊला शिवतेजचा ट्रक आला. कराडचा ड्रायव्हर, तोंडाचा तिखट, पण माणूस सरळ. तळोज्याच्या एका कारखान्यातून पत्र्याची गुंडाळी भरून आणली होती. ज्ञानूने बटण दाबलं, पावती काढली. शिवतेजने ती कारखान्याच्या पावतीशेजारी धरली आणि हसला.

"नाना, तळोजा ते कळंबोली आठ किलोमीटर. एवढ्यात माझं लोखंड सत्तर किलोनं बाळसं धरतंय व्हय?"

"तू गाडीत बसला असशील. उतर आन् परत कर."

"मी तुमच्यासमोर उभा हाय की. आता काय, अंगावर पावडर लावून दाखवू?"

"मग क्लीनर उतरव."

"क्लीनर गावाला गेलाय, त्याला आठ दिवस झाले. वर कोन न्हाय."

ज्ञानूने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. ट्रकची केबिन रिकामी होती. तरी त्याने आवाज चढवून हाक मारली. "ए, कोण हाय वर? उतर खाली!"

काट्यावरचं हे रोजचं भांडण होतं. ड्रायव्हर चुकून वर राहतो, वजन साठ-सत्तराने वाढतं, त्याला खाली उतरवायचं आणि परत वजन घ्यायचं. म्हणून ज्ञानूला सत्तराचा अर्थ कोणी समजावून द्यायची गरज नव्हती. सत्तर किलो म्हणजे एक माणूस.

शून्याचं बटण दाबलं. ट्रक मागे घेऊन परत चढवला. तरी सत्तर जास्तच.

"नाना, चष्मा बदला," शिवतेज म्हणाला. मग ज्ञानूचा चेहरा बघून त्याचं हसू गेलं. "असू दे. मी कुनाला बोलत न्हाय."

हे शेवटचं वाक्य ज्ञानूला जास्त लागलं.

दुपारपर्यंत अकरा गाड्या झाल्या. अकराही सत्तराने जड भरल्या.

३

रुतिका रोडपालीची, आगरी घरातली. बाजारातले कॉम्प्युटर तीच बघायची. स्कूटर प्लेटवरून थेट केबिनच्या पायरीशी आणून ती आत आली, खुर्ची ओढली आणि दहा मिनिटं एकेक फोल्डर उघडून बघितलं. मग म्हणाली, "नाना, यो वायरस हाय."

"कुठं?"

"यो बघा." तिने पडद्यावरच्या पिवळ्या फोल्डरवर नख ठेवलं. कोपऱ्यात बारीक बाण होता. "हे तुमचं फोल्डर नाय. तसंच दिसनारं दुसरं हाय. खरं यानं लपवून ठेवलंय. तुमी क्लिक करता, आधी तो आपलं काम करून घेतो आनि मग तुमचं खरं फोल्डर पन उघडून देतो. काम थांबत नाय, म्हनून कोनाला कळत नाय."

"त्याचं काम काय?"

"आपल्यासारखा दुसरा बनवायचा. जो पेनड्राइव्ह लागेल त्याच्यात जाऊन बसायचं. पयला तिथंच राहतो हां, जात नाय. एकाचे दोन, दोनाचे चार."

"आपला आपण जातो?"

"त्याला कुठं पाय हायेत नाना? कोनतरी खिशात घालून नेतं."

मालक गोवर्धनशेठचे बाजारात चार काटे होते. नेट एकावरही नव्हतं. नेट दिलं की माणसं सिनेमे बघतात असं शेठचं मत. रोज संध्याकाळी चार काट्यांचे चार पेनड्राइव्ह ऑफिसात जायचे आणि सकाळी परत यायचे. दसऱ्याला चौघांनी आपापले पेनड्राइव्ह एकाच ताटात ठेवून पूजा केली. हत्यारं ती हत्यारं. हळदकुंकू लावलं, लाल दोरा बांधला. पूजेआधी केबिन झाडताना ज्ञानूला खणाच्या तळाशी एक जुना पेनड्राइव्ह सापडला होता. टाकून देणं त्याच्याने झालं नाही. तोही ताटात ठेवला. आरती झाल्यावर ज्याने त्याने हाताला येईल तो उचलला. कोणाकडे कोणता गेला, ते दोऱ्यामुळे कळायला मार्ग नव्हता.

"वा!" रुतिका म्हणाली. "वायरसला हळदीकुंकवाला बोलावलंत." मग तिने ज्ञानूच्या खिशातला पेनड्राइव्ह लावून बघितला आणि पडद्याजवळ वाकली. "जुना तो ह्योच. नाना, वायरस यात आलाय तेवीस ऑक्टोबर दोन हजार सोळाला. संध्याकाळी सहा वाजता. त्या दिवशी हा कोन वापरत होतं?"

तारीख ज्ञानूला पाठ होती.

सदू आणि तो एका टोळीतले, आणि काट्यावरही आलटून पालटून. एक दिवस याचा, एक दिवस त्याचा. टोळीत उसना दिवस घेण्याची रीत होती. मी अडलो तर तू माझ्या जागी उभा राहा. मी तुझ्या जागी एक दिवस उभा राहीन. त्याचे पैसे होत नसत. दिवसाला दिवस. घेतला की भिंतीवर खडूची रेघ ओढायची, फेडला की अंगठ्याने पुसायची. तेवीस ऑक्टोबरला ज्ञानूला उलव्याच्या नव्या घराची चावी घ्यायला जायचं होतं. सदूने त्याचा दिवस घेतला. रात्रपाळीचा वॉचमन आला तेव्हा सदू खुर्चीत बसलेला होता, हातात पेन, समोर रजिस्टर, आणि जीव गेलेला. त्याच्या नावापुढे त्याच्याच अक्षरात लिहिलं होतं: सकाळ ७०, संध्याकाळ ०.

छातीत कळ आल्यावर माणसाला काय भान राहणार, असं सगळे म्हणाले. ज्ञानूही म्हणाला. रेघ मात्र त्याने पुसली नाही. तिच्यावर कॅलेंडर लावलं आणि दर वर्षी नवं कॅलेंडर त्याच खिळ्याला लावत गेला.

रुतिकाने तासभर खटपट केली. "झालं. एकदम क्लीन." खात्री करायला ती स्वतः बाहेर जाऊन प्लेटवर उभी राहिली. ज्ञानू केबिनमध्ये होता. त्याने दोनदा टक् ऐकलं.

"एकशे वीस!" ती बाहेरून ओरडली. "आईशप्पत, मी पन्नासची हाय! वडे बंद करायला लागतील!"

हसत आत आली. बसल्यावर हसणं कमी कमी होत गेलं.

"नाना, एक गोष्ट आता ध्यानात आली. तो बाहेरचा बोर्ड कॉम्प्युटरला विचारतच नाय. त्याची वायर थेट काट्याच्या डब्यातून येते. वायरस तिथं पोचूच शकत नाय."

"मग?"

तिने झेंडूची माळ सारखी केली, बॅग उचलली. "उद्या बघते," म्हणाली. जाताना तिने स्कूटर प्लेटवरून नेली नाही. वळसा घालून गेली.

४

गोवर्धनशेठ गावचा मोठा माणूस, पण ज्ञानूपुढे आवाज चढवत नसे. शुक्रवारी म्हणाला, "नाना, एक दिवस तुमी तीन नंबरवर बसा. तिथला मानूस इथं बसंल. बघू काय व्हतंय."

तीन नंबरचा काटा नवा होता, प्लेट घट्ट. तिथेही वायरस निघाला होता, पण वजन आजवर बरोबर होतं. ज्ञानूने सकाळी उभं राहून बघितलं. त्या घट्ट प्लेटचाही आवाज दोनदा आला. १३०.

दिवसभर तीन नंबर सत्तराने जड बोलला. दिवसभर ज्ञानूचा एक नंबर अचूक बोलला.

ज्ञानूने डोकं लावलं. उन्हाने लोखंड फुगतं, पण ते एकाच काट्यावर कसं फुगेल? पेनड्राइव्ह खिशात होता, म्हणून असेल. तो त्याने दुपारी ऑफिसात नेऊन दिला. दुपारनंतरही सत्तर. मग त्याने चष्मा काढून डोळे चोळले, कारण दुसरं काय करायचं ते सुचलं नाही.

संध्याकाळी शेठ स्वतः आला. उभ्याउभ्याच बोलला.

"नाना, गुरवारी चोवीस तारखेला वजनमापाचा सायब शिक्का मारायला येनार हाय. काटं चारी बरोबर हायेत."

"म्हणजे खोटं कोण हाय, शेठ?"

"मी तसं बोललो नाय."

"बोलला न्हाईत. पण सांगितलंत."

शेठने मान खाली घातली. "सायब जाईस्तवर घरी बसा. मग दिवालीनंतर बघू."

चाळीस वर्षांत ज्ञानूला कोणी घरी बस म्हणालं नव्हतं.

५

घर उलव्याला, अकराव्या मजल्यावर. मुलगा बाहेरगावी नोकरीला. घरात ज्ञानू आणि बायको विजयमाला, दोघंच. लिफ्टमध्ये पाटी होती: सहा माणसं, ४०८ किलो.

शुक्रवारी संध्याकाळी लिफ्टमध्ये पाच जण होते. सहावा ज्ञानू. सगळी अंगाने बारीक माणसं. त्याने आत पाय ठेवला. लिफ्टच्या तळातून टक् आलं. मागोमाग दुसरं टक्. आणि लिफ्ट ओरडायला लागली.

"काका, सॉरी, ओव्हरलोड," कोणीतरी म्हणालं. तो उतरला. ओरडणं थांबलं. एक जाडजूड बाई त्याच्या जागी शिरली. दार मिटलं, लिफ्ट गेली.

अकरा मजले तो जिन्याने चढला. गुडघे पेटले. प्रत्येक मजल्यावर थांबला आणि ऐकलं. जिना दगडी होता. दगड वाजत नाही. त्यामुळे काही कळलं नाही.

काट्यावर नव्हतं तर. कॉम्प्युटरमध्ये नव्हतं, पेनड्राइव्हमध्ये नव्हतं. त्याला पाय नसतात, रुतिका म्हणाली होती. कोणीतरी नेतं.

शनिवार, रविवार, सोमवार तो घरात बसून राहिला. पलंगाच्या आपल्या बाजूला रात्री जास्त खड्डा पडतो असं त्याला वाटलं. विजयमालाला सांगितलं नाही. वाटण्याला काय अर्थ.

मंगळवारी ती भाजी घेऊन आली ती धापा टाकत, दोन्ही हातांत पिशव्या.

"चालत आलीस?"

"काय करू मग? अहो, त्या लिफ्टचं काहीतरी बिघडलंय. आमी सहाजणी, त्यात शुभदा तर काडीपैलवान. मी पाय ठेवला की ओरडते. मी उतरले की गप्प." ती हसली. "गवारीचं वजन म्हणायचं का हे?"

ज्ञानूने तिच्या हातातल्या पिशव्या घेतल्या. "तुला काही आवाज आला? टक् असा?"

ती थबकली. "दोनदा. तुमाला कसं कळलं?"

पहिला तिथंच राहतो. एकाचे दोन, दोनाचे चार. आणि बायको त्याच्याच घरात, त्याच्याच शेजारी झोपत होती.

६

सदूची बायको सुमित्राबाई गावी असायची. तिचा नंबर विजयमालाच्या वहीत होता. ज्ञानूने गॅलरीत जाऊन फोन लावला. समोर विमानतळाचं काम चाललं होतं, धूळ उडत होती.

"वहिनी, ज्ञानू बोलतोय."

"भावजी? इतक्या वर्सांनी? बरं हाय न्हवं समदं?"

"बरं हाय. एक विचारायचं होतं. सदू त्या दिवशी निघताना काय म्हणाला?"

पलीकडे कोंबड्यांचा आवाज येत होता.

"छातीत जड वाटत हुतं त्यास्नी. मी म्हनलं, नगा जाऊ. तर म्हनले, ज्ञानूचा दिवस हाय, सबूद दिलाय. मी म्हनलं, तुमास्नी परत कोन देतंय? तर हसले. म्हनले, ज्ञानू कुनाचा दिवस ठेवायचा न्हाय." मग तिने साधेपणाने विचारलं, "दिला न्हवं परत, भावजी?"

मेलेल्याला दिवस कसा देतात, हे टोळीत कधी कोणाला विचारावं लागलं नव्हतं.

"देतो," तो म्हणाला.

मग त्याने गोवर्धनशेठला फोन केला. "शेठ, उद्याचा दिवस मला एक नंबरवर पाहिजे."

"नाना, उद्या एक नंबर बंद हाय. सायबासाठी रंग दिलाय, गाडी चढवायची नाय."

"मला बंदच पाहिजे."

"चावी तुमच्याकडंच हाय ना?" एवढंच शेठ म्हणाला.

७

बुधवार, तेवीस तारीख. सकाळी आठ.

काट्याच्या तोंडाला दोरी बांधलेली होती, 'बंद' पाटी लावलेली. प्लेटच्या कडांना नवा पिवळा रंग. ज्ञानूने उदबत्ती लावली. कॉम्प्युटर सुरू केला नाही. बोर्डाचा खटका तेवढा दाबला. मग प्लेटवर जाऊन उभा राहिला.

एकदाच टक् वाजलं. बोर्डावर आकडा आला, ७०.

त्याने तो नीट वाचला. स्वतःचे साठ त्यात कुठेच नव्हते. आत येऊन रजिस्टरात नवी ओळ आखली, नावाच्या जागी सदू लिहिलं आणि सकाळच्या रकान्यात ७०. दिसलेला आकडा लिहिला याचं त्याला बरं वाटलं.

स्वतःच्या खुर्चीत तो बसला नाही. सदूचं स्टूल कोपऱ्यात होतं, त्यावर बसला.

अकराच्या सुमाराला प्लेट वाजली. ज्ञानूने काचेतून बघितलं. प्लेटवर ऊन होतं, दुसरं काही नव्हतं. बोर्डावर ७०. मग ०. थोड्या वेळाने परत टक्, परत ७०. मग ०. सदूला बसवत नसे. गाड्या नसल्या की तो प्लेटच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारायचा, टोकाला उतरायचा, वळायचा, परत चढायचा. ज्ञानू त्याला ओरडायचा, पायाला भिंगरी लागलीय का म्हणून. आज ओरडला नाही.

दुपारी रुतिकाची स्कूटर रस्त्यावर थांबली. तिने बोर्डाकडे बघितलं, मग रिकाम्या प्लेटकडे, मग खिडकीतल्या ज्ञानूकडे. हात वर करून काही विचारल्यासारखं केलं. ज्ञानूने हातानेच जा म्हणून सांगितलं. ती गेली.

भाकरी आणली होती, ती त्याने अर्धी खाल्ली. अर्धी फडक्यात बांधून ठेवली. बाजारात शेजारच्या गोदामात क्रेनची साखळी खडखडत होती. फेऱ्या चालू होत्या. चारनंतर दोन टक्‌मधलं अंतर वाढत गेलं, जशी माणसाची चाल दमल्यावर मंदावते.

पाच वाजता एकदा वाजलं आणि ७० तसेच राहिले. काट्यावर कोणीतरी उभं होतं. सुटायची वाट बघत उभं राहावं तसं.

साडेपाचला विजयमालाचा फोन आला. "अहो, लिफ्ट झाली बरं का नीट. आता सहाजणी गच्च भरून आलो, हूं का चूं नाही केलं."

"बरं झालं."

"तुमी कधी निघताय?"

ज्ञानूने बोर्डाकडे बघितलं. "जेवून घे तू," म्हणाला आणि फोन ठेवला.

सहाला टक् झालं. आकडा विझला आणि शून्य आलं.

ज्ञानू बराच वेळ बघत राहिला. शून्य हललं नाही. छातीवरचं काही उतरल्यासारखं त्याला हलकं वाटलं, इतकं हलकं की स्टुलावरून उठताना गुडघेसुद्धा दुखले नाहीत.

नेम राहिला होता. तो बाहेर आला आणि प्लेटवर चढला.

कोपरा वाजला नाही.

बोर्डावर ० होतं. तो दोन पावलं पुढे सरकला. ०. सैल कोपऱ्यावर जाऊन त्याने पाय आपटला. आवाज झाला नाही. पिवळा रंग अजून ओला होता. तो ज्ञानूच्या पायाखाली होता आणि त्यावर काही उमटलं नव्हतं.

तो आत आला. रजिस्टर उघडं होतं. सदूच्या नावापुढे, संध्याकाळच्या रकान्यात, सदूने त्या संध्याकाळी लिहिलं होतं तसंच, त्याने जे दिसलं ते लिहिलं: ०.

मग कॅलेंडर बाजूला केलं आणि भिंतीवरची रेघ अंगठ्याने पुसली.

दिवस फिटला.